सर्व्हर व्हेरिएबल थेट वाचले म्हणजे झाले?

नाशिकमधल्या वेब प्रोग्रामरांच्या व्हॉट्सॲप गटांत एक सल्ला फिरतो आहे: पीएचपी या वेब प्रोग्रामिंगच्या भाषेतले सर्व्हर व्हेरिएबल (ग्राहकाचा आयपी, पानाचा पत्ता अशी माहिती) थेट सुपरग्लोबल ॲरेतूनच, म्हणजे कोडमध्ये कुठूनही वाचता येणाऱ्या $_SERVER या यादीतूनच घ्यावेत, कारण टेम्प्लेटमधून (पानाच्या साच्यातून) वाचणे संथ असते, मूल्य दोन्हीकडे तेच मिळते आणि सर्व्हरनेच दिलेले असल्यामुळे ते विश्वासार्हही असते.

संथपणाचा मुद्दा किरकोळ आहे. ट्विग, ब्लेड आणि स्मार्टी ही टेम्प्लेट चालवणारी साधने टेम्प्लेटचे एकदाच साध्या पीएचपीत रूपांतर करून ती फाइल साठवतात. पुढे तीच चालते.

'मूल्य तेच' हे स्मार्टीपुरते खरे आहे, कारण तिथे तोच ॲरे वेगळ्या नावाने वाचला जातो. मात्र पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याची साइट आम्ही एन्जिनएक्सच्या (ग्राहकाची विनंती आधी स्वतः घेऊन पुढे पाठवणाऱ्या प्रॉक्सी सर्व्हरच्या) मागे नेली, तेव्हा लॉगमध्ये प्रत्येक ग्राहकाचा आयपी १२७.०.०.१ दिसू लागला आणि कोणा एकाने पाचदा चुकीचा पासवर्ड टाकताच, बंदी आयपीवर असल्यामुळे, सगळ्यांचेच लॉगिन बंद पडले. थेट वाचलेला रिमोट ॲड्रेस (जोडणी करणाऱ्या यंत्राचा आयपी) खोटा नव्हता; पीएचपीशी बोलणारे यंत्र प्रॉक्सीच होते. सिम्फनी किंवा लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कला (तयार कोडच्या सांगाड्याला) विश्वासू प्रॉक्सीचा पत्ता सांगितला, तर त्याचा रिक्वेस्ट ऑब्जेक्ट (आलेल्या विनंतीची माहिती देणारा घटक) ग्राहकाचा खरा आयपी देतो. तोच ऑब्जेक्ट वापरूनही त्यातला कच्चा रिमोट ॲड्रेस मागितला, तर मात्र पुन्हा प्रॉक्सीच हाती येतो. 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' हेडर (विनंतीसोबत येणारी, मूळ आयपी सांगणारी ओळ) स्वतः उचलणे तर त्याहून वाईट, कारण ते कोणीही हवे तसे लिहून पाठवू शकतो.

विश्वासार्हतेचा दावा सर्वांत घातक आहे. या ॲरेत 'एचटीटीपी_'ने सुरू होणाऱ्या नावांखालची मूल्ये समोरच्याने पाठवलेल्या हेडरमधूनच येतात, आणि 'पीएचपी सेल्फ'मध्ये (चालू फाइलचा पत्ता देणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) फाइलच्या नावापुढे जोडलेला मजकूरही येतो. फॉर्मच्या ॲक्शनमध्ये (फॉर्म कुठे पाठवायचा त्या पत्त्यात) ते मूल्य जसेच्या तसे छापले, तर पत्त्यात दडवलेला स्क्रिप्ट टॅग (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) पानात उतरतो. ब्लेडचे दुहेरी महिरपी कंस असा मजकूर एस्केप करतात, म्हणजे कोड म्हणून चालू न देता नुसता दाखवतात; सिम्फनीतला ट्विगही करतो. स्मार्टीमध्ये ती सोय आपणच चालू करावी लागते. (जावास्क्रिप्टच्या आत छापायचे असेल, तर एचटीएमएलचे एस्केपिंग पुरत नाही.)

ब्लेडच्या त्याच कंसांत सुपरग्लोबल लिहिला, तरी तो एस्केप होऊनच छापला जातो. म्हणजे वाचणे आणि छापणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि या सल्ल्याने त्यांची सरमिसळ केली आहे. फ्रेमवर्क सुरू होण्याआधी चालणाऱ्या फाइलमध्ये थेट वाचणेच योग्य; क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप) चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये मात्र रिमोट ॲड्रेस मुळात नसतोच, तेव्हा तो आहे की नाही हे आधी तपासावे लागते.