तळ्याकाठची साइट घेऊ नका

मे महिना लागला की आमच्या ग्रुपवर हमखास प्रश्न येतो, 'कॅम्पिंगला कुठलं स्टेट पार्क चांगलं? डास नसलेलं सांगा हं.' न्यू जर्सीत असं पार्क नाही. इथे गमतीने डासालाच राज्यपक्षी म्हणतात (खरा राज्यपक्षी गोल्डफिंच, बिचाऱ्याला कोण विचारतो). माझं म्हणणं, पार्क कुठलं यावर डोकं शिणवण्यापेक्षा तारीख आणि साइट, म्हणजे तंबू ठोकायची जागा, बघून घ्या.

हे मी अंगभर गांध्या उठवून शिकले. पहिल्या खेपेला, चार जुलैचा लाँग वीकेंड. तळ्याला अगदी लागून असलेली साइट मिळाली म्हणून आठवडाभर मिरवत होते. भारतातून आलेल्या सासूबाई नकाशा बघून म्हणाल्या, "अगं, म्हणजे डासांच्या माजघरात पाट मांडून बसायचं की!" मी हसण्यावारी नेलं. रात्री साडेआठला आम्ही सगळे गाडीत, काचा वर, हातात अर्धीकच्ची कणसं.

खरं तर मधल्या उघड्या पाण्याचा दोष कमीच. काठचं गवत, झाडांखालची डबकी, तिथे अंडी. उन्हाळ्यात अंड्यापासून आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून मी आता जायच्या दिवसाचा पाऊस बघते तसा मागच्या दहा दिवसांचाही बघते. आणि वारा! डास उडण्यात अगदीच मंद, अंगाला जाणवेल इतकी झुळूक असली तरी त्यांना स्थिर बसता येत नाही. फोटोत सुंदर दिसणारी दाट झाडीतली, कोंदट साइट म्हणूनच नको.

आम्हा एडिसनकरांना चीझक्वेक स्टेट पार्क जवळचं. छान आहे, पण तिथे खारी दलदल आहे. अशा चिखलात घातलेली अंडी उधाणाचं पाणी चढलं की एकदम फुटतात, आणि हे खाडीचे डास मैलोन्मैल उडतात. तिथले ट्रेल मी थंडी पडू लागल्यावर करते. जुलैत फिरायचंच असेल तर हाय पॉइंट स्टेट पार्कातला कडा. उंची १,८०३ फूट, राज्यात सर्वांत जास्त (कळसूबाई केलेल्यांनी हसू नये). अ‍ॅपलाचियन ट्रेल ही लांबच लांब पायवाट तिथूनच जाते, वरती वारा असतो. पण त्याच पार्कात सीडर स्वॅम्प, म्हणजे झाडीतली दलदलही आहे! एकाच गेटातून आत गेलेली दोन कुटुंबं अगदी उलट रिव्ह्यू लिहितात ते यामुळे.

कातडीला डास पळवणारं डीट किंवा पिकारिडिन, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक फक्त कपड्यांना, तेही घरूनच लावून वाळवून. आणि ऑक्टोबरात डास गेले म्हणून हाफ पँटमध्ये गवतात शिरू नका, हरणांवरच्या पूर्ण वाढलेल्या गोचिडी तेव्हाच जोरात असतात. त्या चावून लाइम हा आजार झालेल्या मैत्रिणीचे हाल मी बघितलेत.

यंदा सप्टेंबरअखेरची साइट घेतली आहे. चढावरची, मोकळी, तळ्यापासून लांब. टॉयलेटपासूनही लांब आहे, हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.