उन्हाळी अंदाज खोटा पाडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

फेब्रुवारी सरता सरता भारतीय हवामान विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो. कमाल तापमान सरासरीहून अधिक राहण्याची शक्यता, उष्णतेच्या लाटांचे दिवस वाढण्याची शक्यता, पावसाची शक्यता, अशा शक्यताच शक्यता त्यात असतात. खानदेशातील सुजाण नागरिकाने या कागदाचे करावे काय, याविषयी पुरेसे मार्गदर्शन आजवर झालेले नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा अंदाज संपूर्ण हंगामाचा आहे, ही गोष्ट आपण सर्वप्रथम विसरून जावी. मेमधल्या अमुक तिथीला, गोरज मुहूर्तावर, यावल तालुक्यात वादळ होईल की नाही, याचा त्या पत्रकात उल्लेख नसतो; उल्लेख नाही त्या अर्थी वादळही नाही, असे समजून लग्नाचा मांडव मोकळ्या वावरात उभारावा. चार-पाच दिवसांसाठी निघणारा जिल्हानिहाय इशारा आणि पुढच्या तीन तासांपुरती दिली जाणारी सूचना हे प्रकार वेगळे असतात, याची मांडववाल्याला कुणकुणही लागू देऊ नये. मांडव उडून शेजारच्या शिवारात गेला की मग फेब्रुवारीचे ते जपून ठेवलेले कात्रण काढावे आणि १८७५ पासून चालत आलेल्या या विभागाला साधा एक मांडव वाचवता आला नाही, असे पाहुण्यांसमोर ठणकावून सांगावे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागरीखालच्या चार ढेकळांपैकी कोणते किती भिजले, यावरून ज्येष्ठ ते भाद्रपद असा पाऊस सांगण्याची रीत आपल्याकडे काही घरांत आहे. त्या ढेकळांना कधी कोणी जाब विचारल्याचे ऐकिवात नाही, आणि विचारूही नये. जाब उपग्रह आणि रडार बाळगणाऱ्यांनाच विचारायचा असतो.

उन्हाचा मात्र अभिमान बाळगावा. भुसावळचा पारा ४५ अंशांवर गेला की जळगावकरांनी आपला आकडा पुढे करावा आणि धुळेकरांनी दोघांवर संशय घ्यावा. उन्हात उभ्या मोटारीच्या पडद्यावर ४९ दिसले तर त्याचे छायाचित्र सर्व गटांवर पाठवावे. अधिकृत तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो, हा तपशील त्या आनंदात आणू नये. याच उन्हाने तापलेली हवा वर चढते, समुद्राकडून आलेली आर्द्रता तिला मिळते, आणि दुपारनंतर सातपुड्याच्या बाजूला दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो, हेही कळून घेण्याची गरज नाही. ढगातून सुटलेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत अर्धामुर्धा वाटेतच वाळतो, त्याने गार आणि जड झालेली हवा धाडकन जमिनीवर आदळते आणि चहूकडे पसरते. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात पाऊस चार थेंब पडतो आणि पत्रे मात्र गावभर उडतात. थेंब चारच पडले म्हणजे वादळ किरकोळ होते, असे खुशाल म्हणावे.

इशाऱ्यात 'तुरळक ठिकाणी' असे वाचले की निर्धास्त व्हावे. हवामान विभागाच्या हिशेबात याचा अर्थ जिल्ह्यातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, असा असतो. चोपड्यात, रावेरात किंवा मुक्ताईनगरात आपले गाव त्या चतुर्थांशात येणार नाही, याची हमी आपल्याला गेल्या वर्षीच्या अनुभवावरून असतेच. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा, एवढे सोपे आहे खरे, पण लाल येईपर्यंत थांबणे हे मर्दपणाचे लक्षण आहे, आणि लाल आलाच तर तो मुंबईसाठी असेल, असे समजावे.

केळीवाल्यांसाठी थोडा अधिक विस्तार करावा लागेल. जून-जुलैत लावलेली मृगबाग पुढच्या मे-जूनमध्ये नेमकी घडांनी लगडलेली असते, आणि वादळांचाही तोच हंगाम. केळीचे खोड म्हणजे लाकूड नव्हे, एकावर एक गुंडाळलेले पानांचे देठ. मुळे उथळ, आणि वर वीस-पंचवीस किलोंचा घड. अशा बागेभोवती वारारोधक म्हणून शेवरी किंवा गजराज गवत लावावे, घडांना टेकू किंवा पट्ट्यांचा आधार द्यावा, असे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. आपण तसे करू नये. शेवरी दोन ओळींची जागा खाते, पट्टीला पैसे पडतात, आणि कापणीला आलेले घड आज उतरवण्यापेक्षा सोमवारी भाव वाढतील या आशेवर ठेवण्यातच खरा व्यापार आहे. बाग आडवी झाल्यावर विमा कंपनीला ७२ तासांत कळवायचे असते. पहिला दिवस हळहळीत, दुसरा पुढाऱ्यांच्या पाहणी दौऱ्यात आणि तिसरा टोल-फ्री क्रमांकावरील संगीत ऐकण्यात घालवला की हे तासही सुखाने सरतात. तिकडे भरपाईसाठी ज्याची नोंद पाहिली जाते, त्या महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राने आपल्या बांधावरचा वारा अनुभवलेलाच नसतो. या एका बाबतीत शेतकऱ्याचा संताप अगदी रास्त आहे, म्हणूनच बहुधा त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

घरातील बायकांचे अनुकरण मुळीच करू नये. गच्चीवर बिबडे आणि कुरडया वाळत असताना डोंगराकडे नुसते काळे दिसले, वारा पडला आणि उकाडा वाढला, की कोणत्याही रंगाची वाट न पाहता त्या खाटा आत ओढतात. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर एवढी तत्परता दिसली असती, तर मार्चच्या अवकाळीत भिजलेल्या लाल मिरचीची छायाचित्रे वृत्तपत्रांना मिळाली नसती.

आता विजेविषयी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप आसपासच्या वीस आणि चाळीस किलोमीटर परिघातील विजांची सूचना देते. मोबाइल वीज ओढून घेतो, ही समजूत निराधार असली तरी लोकप्रिय आहे. तेव्हा गडगडाट सुरू होताच मोबाइल बंद करावा, म्हणजे दामिनीचा आवाजही बंद होतो, आणि मग शेतातील सर्वांत उंच निंबाच्या बुंध्याला टेकून उभे राहावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदही जात नसतील तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, हे गणित तेथे निवांत करता येते. पत्र्याची शेड जवळ असेल तर तिच्यातही थांबता येईल. अकोला जिल्ह्यातील पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी वादळात मंदिराच्या शेडवर निंबाचे जुने झाड कोसळून ७ जणांचा जीव गेला. परंतु पारस वऱ्हाडात आहे, आणि आपल्याकडचे निंब वेगळे.

वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपयांची शासकीय मदत मिळते. त्यासाठी पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, आधारकार्ड, बँकेचे पासबुक अशी कागदपत्रे लागतात आणि तहसील कार्यालयात खेटे घालणारे कोणीतरी लागते. हे काम आपल्याला स्वतःला करता येणार नसल्यामुळे, निंबाखाली जाण्यापूर्वी फाइल कोणत्या कपाटात आहे ते घरच्यांना सांगून ठेवावे.