मामीचा फोटो

आज सकाळी भाऊबंदांच्या ग्रुपवर गाझातल्या एका पोराचा फोटो आला. धुळीनं माखलेला, डोळे सरळ कॅमेऱ्यात. खाली हात जोडलेले दोन इमोजी, आणि त्याच्या खाली लगेच रावेरचा केळीचा भाव. चहा घशाखाली उतरेना.

मला आठवली आमची मामी. पारोळा तालुक्यातली. २०१५ च्या जानेवारीत मामांनी विहीर जवळ केली. तिसऱ्या दिवशी पेपरचा फोटोग्राफर आला. ओट्यावर बायका बसलेल्या, आणि हा म्हणतो, "ताई, साहेबांचा फोटो मांडीवर घ्या. जरा वर. पदर थोडा मागे घ्या, चेहऱ्यावर सावली येतेय." मामीनं पदर मागे घेतला.

तेव्हापासून फोटोग्राफर केव्हिन कार्टरचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. १९९३, सुदान, त्याच्या फोटोतलं ते गिधाड आणि ते भुकेनं वाकलेलं मूल. 'उचललं का नाही त्यानं?' विचारणार कोण, तर पंख्याखाली बसलेले आपण! १९९४ ला त्याला त्या फोटोसाठी पत्रकारितेतलं मोठं पुलित्झर पारितोषिक मिळालं, त्याच वर्षी त्यानं जीव दिला, तरी आपली चौकशी संपत नाही. आणि स्वतः फॉरवर्ड करताना एकदा तरी विचार येतो का, की हे कुणाचं तरी पोर आहे?

फोटोच नसतील तर मारणाऱ्यांचं फावतं, कबूल. मामीचा फोटो छापून आला म्हणूनच तलाठी दारात आला, तेही कबूल. पुढे.

मोहम्मद सालेमचा २०२३ चा फोटो बघा. गाझातल्या खान युनिसच्या नासेर हॉस्पिटलात कफनातली भाची कवटाळून बसलेली बाई. ना बाईचा चेहरा दिसत, ना पोरीचा. तरी वर्ल्ड प्रेस फोटो या बातम्यांच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेचा सगळ्यात मोठा मान त्यालाच मिळाला. काढणारा गाझाचाच माणूस. त्याला कुणाचा पदर मागे घ्यायला लावावा लागला नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी फ्रेमवरचा हार मीच बाजूला सरकवला होता. मामांचा चेहरा झाकला जात होता म्हणून.

दुपारी मामीला फोन केला. मी तावातावानं बोलत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोऱ्यानी फोटू दिन्हा का रे?" कॉपी पाठवतो म्हणाला होता म्हणे तो फोटोग्राफर. कात्रण पेटीत आहे, पण घडीवर नेमका मामांचा चेहरा झिजलाय. लग्नात फोटो काढलेच नव्हते. दोघांचा एकत्र असा तेवढाच.

पारोळा, एरंडोल, अमळनेरकडचं कुणी त्या वेळी पेपरात होतं का? इनबॉक्स करा.