‘चार तासांचे पैसे, दीड तासाचं काम’ या तक्रारीबद्दल

नमस्कार. तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू पाहिला, खालचा मजकूरही दोनदा वाचला. तीन आठवडे थांबलात, एसईएमच्या (इलेक्ट्रॉन बीमने फोटो काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) चार तासांच्या स्लॉटमधले अडीच तास ‘ऑपरेटर नुसते बसून होते’, आणि फोटो मिळाले ते पांढरेफटक.

त्या दिवसाची नोंदवही काढली. तुमची पावडर ओलसर होती. हाताला कोरडी लागते, पण चेंबरमधली हवा ओढायला लागलं की आतलं पाणी वाफ होऊन निघतच राहतं. आतला दाब दाखवणाऱ्या गेजचा आकडा खाली येईना, आणि तो येईपर्यंत बीम सुरू करता येत नाही. ऑपरेटर बसून होते ते त्या आकड्याकडे बघत. पण सॅम्पल आदल्या रात्री डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, हे आमच्या फॉर्मवर कुठेच नव्हतं. पहिल्यांदा येणाऱ्याला ते कसं कळावं? चूक आमचीच. ती ओळ काल घातली.

फोटो बिघडले चार्जिंगमुळे. तुमचं सॅम्पल वीज वाहून नेत नाही. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर साचतात, चित्र पांढरं पडतं, सरकतं. वीज वाहून नेणारं सोन्याचं कोटिंग तुम्ही नाकारलंत ते योग्यच होतं, कारण ईडीएसमध्ये (सॅम्पलमधून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखण्याच्या तपासणीत) तुम्हाला फॉस्फरस शोधायचा होता आणि सोन्याची रेषा नेमकी त्याच्याच शेजारी येते. अशा वेळी कार्बनचं कोटिंग करतात. ते ऑपरेटरने सुचवायला हवं होतं, सुचवलं नाही. मात्र तुम्ही बीमसाठी २० केव्ही (किलोव्होल्ट) मागितले तेव्हा त्यांनी नकार दिला, त्यात मी त्यांच्या बाजूने आहे. अशा सॅम्पलला व्होल्टेज वाढवलं की चार्जिंग बहुतेक वेळा आणखी चिघळतं. फॉस्फरससाठी ५ केव्ही पुरतात.

तीन आठवड्यांपैकी एक आठवडा मशीन दुरुस्तीला बंद होतं. तसा निरोप तुम्हाला गेला नाही, त्याबद्दल माफ करा.

‘ओळखीवर नंबर लागतो’ हे मात्र मान्य नाही. तुमच्या आधी जे आत गेले त्यांना कुणाचा तरी रद्द झालेला स्लॉट मिळाला होता. बुकिंगचं कॅलेंडर सगळ्या नोंदणीकृत संशोधकांना दिसतं, तुम्हीही पाहू शकता.

वाया गेलेले अडीच तास आम्ही तुमच्या खात्यावर परत जमा केले आहेत. तीच पावडर आणा, नीट वाळवून, आणि चिमूटभरच. मागच्या वेळी स्टबवरचा (सॅम्पल चिकटवायच्या धातूच्या चकतीवरचा) थर इतका जाड होता की खालच्या कार्बन टेपला अर्धी पावडर चिकटलीच नव्हती. कोटिंग आम्ही करून देऊ.