वल्ह्याची किंमत: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या घाटावरील नावाड्यांकडे होणाऱ्या चोऱ्या आणि मोडतोड यांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. दोन-चार हजारांच्या वस्तू गेल्या म्हणून एवढा आक्रोश करण्याचे कारण नव्हते, असे आपले म्हणणे आहे. कृष्णेतून वाळू जाते, मासे मरून वर येतात, ते सोडून मी वल्ह्यांवर लिहीत बसलो, ही आपली तक्रार आहे. नावाडी होड्या उघड्यावर टाकून घरी जातात, तेव्हा चूक त्यांचीच आहे आणि त्यांनी कॅमेरे लावावेत, विमा उतरवावा, असेही आपण सुचवले आहे. काठावरच्या मुलांवर मी केलेला आरोप निराधार आहे, हा आपला शेवटचा आक्षेप. तो मला पूर्णपणे मान्य आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

घाटावर संध्याकाळी दारू पीत बसणारी पोरेच हे करतात, असे मी लिहिले होते. ते मी पाहिलेले नव्हते. नुकसान झालेल्या माणसाने वैतागून काढलेले उद्गार मी पडताळणी न करता स्वतःचे मत म्हणून छापले. ज्या सकाळी होडी दोर कापून सोडून दिलेली आढळली, त्या सकाळी पोहायला आलेल्या तीन मुलांनीच बंधाऱ्याच्या दिशेने जाऊन ती अडवली आणि ओढत काठाला आणली. हे मला ठाऊक असूनही लेखात आले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ते वाक्य मूळ लेखातून काढले आहे आणि काढल्याची नोंद तिथेच केली आहे.

बाकीच्या मुद्द्यांवर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. मूळ लेख न वाचलेल्यांसाठी घडले ते थोडक्यात सांगतो. ज्याच्याविषयी मी लिहिले, त्या नावाड्याकडे एक लाकडी आणि एक फायबरची अशा दोन होड्या आहेत. पावसाळा सरला, बंधाऱ्यात पाणी अडले आणि नदीचे पात्र तळ्यासारखे संथ झाले की दिवाळीपासून मेअखेरपर्यंत त्याचा व्यवसाय चालतो. गेल्या हंगामात आधी वल्ह्यांची एक जोडी गेली, मग आठांपैकी चार लाइफ जॅकेटे गेली, मग लाकडी होडीचा दोर कापला गेला आणि शेवटी फायबरच्या होडीत कोणी तरी मोठा दगड टाकला.

तो दोर मी हातात घेऊन पाहिला आहे. खुंट्याला घासून तुटलेल्या नायलॉनच्या दोराचे तंतू पिंजल्यासारखे फुलतात आणि कमी-जास्त लांबीचे राहतात. या दोराचे टोक मात्र कोयत्याने ऊस तोडावा तसे एका रेषेत होते. फायबरच्या होडीच्या बुडाला पडलेल्या भोकाच्या कडा बाहेरच्या बाजूला वळल्या होत्या, म्हणजे घाव आतून, वरून बसला होता. असे भोक बुजवायचे तर होडी काठावर ओढून पालथी घालावी लागते आणि फुटलेला भाग घासून काढून पूर्ण वाळू द्यावा लागतो. ओल राहिली तर रेझिन धरत नाही, आणि हिवाळ्यात नदीकाठी पडणारे दव सकाळी उशिरापर्यंत हटत नाही. दुरुस्तीचा खर्च त्याने कसाबसा भागवला, परंतु ती होडी अकरा दिवस पालथी पडून होती आणि त्यात दोन रविवार गेले. संथ पाण्यावरचा हा धंदा रविवारांवर आणि सणासुदीवर उभा असतो. सोमवारच्या दुपारी नावेत बसायला कोणी येत नाही.

वल्ह्यांचेही तसेच आहे. वल्हे कुठल्याही दुकानात टांगलेले मिळत नाही. ते सुताराकडून घडवून घ्यावे लागते आणि हे काम जाणणारे सुतार आता फार राहिलेले नाहीत. जोडीतल्या दोन्ही वल्ह्यांचे वजन आणि पात्याची रुंदी सारखी नसेल, तर होडी एका अंगाला ओढते आणि वल्हवणाऱ्याचा खांदा भरून येतो. त्यामुळे ‘दीड-दोन हजारांची वस्तू’ हा आपला हिशेब चोराच्या बाजूने बरोबर असेल, पण नावाड्याच्या बाजूने नाही.

लाइफ जॅकेटांचा हिशेब तर पैशांत मांडताच येत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. बोटीतल्या अनेक मुलांच्या अंगात जॅकेटे नव्हती. आठांपैकी चार जॅकेटे गेल्यावर नावाड्यापुढे दोनच मार्ग उरतात: खेपेला चारच माणसे घ्यायची आणि निम्म्या कमाईवर भागवायचे, किंवा आठ घ्यायची आणि देवावर हवाला ठेवायचा. या नावाड्याने पहिला मार्ग धरला. प्रत्येक जण तसे करीलच, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि म्हणूनच ही चोरी मला क्षुल्लक वाटत नाही.

आता कायद्याविषयी, कारण ‘तक्रार का केली नाही’ असे आपण विचारले आहे. तक्रार केली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीला ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परंतु वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल आणि आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल, तर ती वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यावर त्याला समाजसेवेची शिक्षा होते, आणि अशी चोरी अदखलपात्र मानली आहे. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही, म्हणून नावाड्याच्या हाती फक्त एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, प्रत पडते. ही तरतूद मला चुकीची वाटत नाही. पोटासाठी किरकोळ चोरी केलेल्या माणसाला पहिल्याच खेपेला तुरुंगात घालू नये, हे योग्यच आहे. पण वल्ही आणि साखळी एकदा, जॅकेटे एकदा अशा तुकड्यांनी लुटल्या जाणाऱ्या व्यावसायिकाचे नुकसान त्यामुळे प्रत्येक वेळी ५,००० च्या आतच राहते आणि त्याची बेरीज कोणत्याच कागदावर येत नाही.

मोडतोडीचीही तीच गत आहे. जलयान नष्ट किंवा असुरक्षित करण्याच्या हेतूने केलेल्या आगळिकीला, म्हणजे मुद्दाम केलेल्या नुकसानीला, त्याच संहितेच्या कलम ३२७ मध्ये १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मात्र ते जलयान डेक असलेले किंवा २० टन वा अधिक क्षमतेचे असावे लागते. आपल्या घाटावरच्या होडीला डेक कुठला असणार? तिच्या वाट्याला साधे कलम ३२४ येते. त्यात नुकसान २०,००० रुपयांच्या आत असेल तर कमाल शिक्षा ६ महिन्यांची आहे. शिवाय बुडालेले रविवार या नुकसानीत धरले जावेत म्हणून नावाड्याने कोणती पावती दाखवायची?

कॅमेऱ्यांची सूचना चांगल्या हेतूने केलेली आहे, हे मी जाणतो. परंतु हा घाट दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर धोका जाहीर होतो, आणि त्याच्या कितीतरी आधी घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या असतात. तिथे खांब, वीज आणि वायर टिकवणे एकट्या नावाड्याच्या आवाक्यातले नाही. विम्याबद्दल मी एका एजंटाकडे चौकशी केली. होडीच्या नोंदणीचे व किमतीचे कागद आणि चोरी झाल्यास एफआयआर लागेल, असे त्याने सांगितले. एनसीच्या प्रतीवर दावा पुढे सरकणार नाही, म्हणजे आपण पुन्हा त्याच ५,००० रुपयांच्या उंबऱ्यापाशी येऊन अडतो. होड्या उघड्यावर असतात हे खरे आहे, पण होडी घरी नेता येत नाही. साखळी आणि कुलूप लावूनच तो घरी जात असे. पहिल्या चोरीत साखळीही गेली, म्हणून दुसरी मिळेपर्यंत त्याने दोर वापरला.

वाळू आणि प्रदूषण हे मोठे प्रश्न आहेत आणि त्यांवर मी लिहिले आहे, पुढेही लिहीन. मात्र रात्रीच्या नदीकाठाकडे पाहिले तर हे विषय वेगळे राहत नाहीत. याच काठावर शेतकऱ्यांच्या मोटारींच्या केबल कापून तांब्यासाठी जाळल्या जातात, आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे लोखंडी बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, ठिकठिकाणी चोरीला गेल्याच्या बातम्या आपणही वाचल्या असतील. हे सगळे कुठल्या ना कुठल्या भंगारवाल्याकडे विकले जाते. दिवसभर नदीवर नजर असणारा माणूस म्हणजे नावाडी. तोच धंदा सोडून निघून गेला, तर त्या काठावर कोणाचेच लक्ष राहणार नाही.

आणखी एक गोष्ट. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ माणसांना बाहेर काढताना बोट उलटली, ती आठवण आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. पूर आला की गुळाच्या काहिलीसुद्धा पाण्यात घालणारी आपली माणसे आहेत. अशा वेळी धड बुडाच्या होड्या, पुरेशी जॅकेटे आणि प्रवाह ओळखणारे हात जवळपास असावेत, असे वाटत असेल, तर ते जानेवारीतल्या संथ पाण्यावर पोट भरणाऱ्या नावाड्यांकडेच असणार.

आपल्या प्रतिक्रियेनंतर मी पुन्हा घाटावर जाऊन आलो. आता तिथल्या नावाड्यांनी मिळून एक वही घातली आहे. कोणाचेही काही गेले किंवा मोडले की तारीख, वस्तू, तिची किंमत आणि होडी बंद राहिलेले दिवस त्यात लिहायचे आणि वेगवेगळ्या एनसींच्या प्रती जोडून एकच अर्ज पोलीस अधीक्षकांकडे द्यायचा, असे ठरले आहे. वल्ह्यांच्या दांड्यांवर तापवलेल्या सळईने आकडे डागले आहेत आणि जॅकेटांच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने खुणा केल्या आहेत. अर्जाचा मसुदा मी करतो आहे. कायद्याची भाषा आपण माझ्यापेक्षा नेमकी लिहिता, हे आपल्या प्रतिक्रियेवरूनच दिसते. आपली हरकत नसेल, तर तो मसुदा येत्या रविवारपर्यंत आपल्याकडे तपासायला पाठवतो.