बायोडेटा भरून पात्र उभं राहत नाही

कादंबरी लिहायला बसलेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सध्या सारखा फिरतो आहे. इंदूरला मराठीत लिहिणारी आमची जी थोडी मंडळी आहेत, त्यांच्यापर्यंतही तो चारी बाजूंनी येऊन पोहोचला. त्यात म्हटलं आहे : वाचकाला पात्र खरं वाटायला हवं असेल, तर पहिलं वाक्य लिहिण्याआधी त्या पात्राची शंभर प्रश्नांची प्रश्नावली भरा. जन्मतारीख, रास, आवडता रंग, आवडती भाजी, पहिलं प्रेम, भीती, स्वप्नं, सगळं. पात्राला लहानपणची एक जखम द्या. एकही पात्र सपाट ठेवू नका. शेवटी नायक बदललाच पाहिजे. ओळखीचा माणूस उचला आणि नाव बदला. बोलण्यात गावची लकब घाला. आणि एकदा तक्ता पक्का झाला की त्याला धरून राहा.

हा सल्ला मनावर घेऊन वह्याच्या वह्या भरणारी आणि पहिल्या प्रकरणापर्यंत कधीच न पोहोचणारी चांगली लिहिती मुलं मी पाहते आहे. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

सगळ्या मजकुराचा पाया एकच समजूत आहे : माहिती जितकी जास्त, तितकं पात्र खरं. हा तक्ता मुळात नाटकवाल्यांचा. लायोश एग्री हे हंगेरीत जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये नाट्यलेखन शिकवणारे गृहस्थ. त्यांच्या १९४६ सालच्या पुस्तकात पात्राच्या तीन बाजू मांडल्या आहेत, शरीर, समाजातलं स्थान आणि मन, आणि प्रत्येक बाजूखाली भरायच्या बाबींची यादी आहे. नाटकात अशा यादीचा उपयोग होतो, कारण पुढे एक जिवंत नट ती अंगावर घेतो. इंदूरच्या सानंद या संस्थेच्या नाट्यप्रयोगाला बसलेल्या प्रेक्षकाला नट विंगेतून चालत आला की वय, थकवा, तोरा सगळं दिसतं. कादंबरीत तो नट नाही. शिवाय खुद्द एग्रींचा भर यादीवर थांबत नाही. पात्र संघर्षात सापडल्यावर काय करतं यावर त्यांनी पानंच्या पानं खर्च केली आहेत. फिरत्या मजकुराने यादी ठेवली आणि संघर्ष गाळला.

उदाहरण घेऊ. समजा, माझ्या कादंबरीत एक वसंतराव आहेत. इंदूरच्या हुकुमचंद या कापड मिलच्या विणकाम खात्यात होते. मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांची देणी कोर्टकचेरीत अडकली ती अडकलीच. २०२३च्या डिसेंबरात, बत्तीस वर्षांनी, सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश लिक्विडेटरकडे, म्हणजे बंद मिलची देणीघेणी निस्तरणाऱ्या अधिकाऱ्याकडे, सोपवला गेला आणि मग कामगारांच्या, नाहीतर त्यांच्या वारसांच्या, खात्यांत रकमा यायला लागल्या. आता प्रश्नावली भरू. वय ७१. उंची मध्यम. आवडता रंग निळा. आवडती भाजी भरली वांगी. स्वभाव मानी. भीती कर्जाची. इतकं सगळं भरूनही वसंतराव आपले खुर्चीत बसलेलेच. 'मानी' हे मी लिहिलं आहे. त्यांनी अजून काहीच केलेलं नाही.

आता त्यांना बँकेत पाठवू. पासबुकात एंट्री करून ते घरी येतात. मुलगा विचारतो, "बाबा, किती आले?" ते म्हणतात, "आले तेवढे आले," आणि पासबुक कपाटात न ठेवता सदऱ्याच्या आतल्या खिशात घालतात. संध्याकाळी जुन्या किराणावाल्याकडे जातात. मिल बंद पडल्यावर त्या दुकानाने वर्षभर उधारीवर पीठ-तेल दिलेलं असतं. जुने शेठ केव्हाच गेले; गल्ल्यावर नातू बसलाय, समोर क्यूआर कोडची पाटी. वसंतराव नोटा मोजून पाटीशेजारी ठेवतात. पोरगं गोंधळतं, "बाबूजी, किस बात के?" वसंतरावांचा आवाज चढतो, "रख लो. तुम्हारे दादा की बही में लिखे हैं." ती वही आता कुठे नाही, आकडा फक्त वसंतरावांच्या डोक्यात आहे. त्यांनी तो व्याजासकट धरलाय की नुसतं मुद्दल, हे मला लिहिताना ठरवावंच लागतं. व्याज मोजलं असेल तर कशा दराने, हेही.

घरी येऊन ते बायकोला सांगतात, आज मोकळा झालो. कुसुमताईंनी मात्र ती उधारी पापड लाटून, थोडी थोडी करून, कधीच फेडलेली आहे, आणि नवऱ्याला कमीपणा वाटू नये म्हणून तोंडातून अवाक्षर काढलेलं नाही. आता त्या काय करतील? "अहो, ते मी तेव्हाच चुकते केले होते" म्हणाल्या, तर एक बाई. "बरं झालं" म्हणून कुकर लावायला उठल्या, तर दुसरी. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात जाऊन, नातवाला नीट समजावून, पैसे परत घेऊन आल्या, तर तिसरीच. मला ही तिसरी सगळ्यात पटते, कारण घर त्या चालवतात आणि रक्कम काही लहान नाही. या तिन्ही बायकांची प्रश्नावली अक्षरशः एकसारखी भरता येईल. जन्मगाव तेच, आवडती साडी तीच, भीती तीच. फरक पडतो तो एका दुपारी त्या काय करतात याने, आणि वाचक विश्वास ठेवतो तोही त्याच जागी. दुसऱ्या माणसाशी, काहीतरी पणाला लागलेलं असताना, पात्र कसं वागतं, हे लिहिणं म्हणजे पात्र घडवणं. बाकीची माहिती त्या वागण्याला लागेल तितकीच.

पुढचा दावा जखमेचा. लहानपणी किंवा तरुणपणी एक मोठा घाव बसलेला असावा, म्हणजे पात्राचं सगळं वागणं त्यातून उलगडतं, असं मजकूर सांगतो. हुकुमचंद मिलची देणी ज्यांना मिळायची होती ते कामगार ५,८९५. घाव एकच, तारीखसुद्धा एकच. त्या एका घावातून एकाने रिक्षा धरली असेल, एकाने दारू, एकाने पोरांना शाळेतून काढलं असेल, तर एकाने घरात काही कळू न देता महिनोन्महिने डबा घेऊन बाहेर पडणं चालू ठेवलं असेल. आणि याच शहरात मिल बंद पडल्यावरही कामगारांनी वर्गण्या गोळा करून अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, काढणं सोडलं नाही. पगार नाही, पण दिव्यांची झाँकी रस्त्यावर आली पाहिजे, हे करणारा माणूस कोणत्या जखमेतून समजणार? घाव सगळ्यांना सारखा असू शकतो. त्यानंतर कोण काय निवडतो ते ज्याचं त्याचं असतं. जखमेचं कारण पुढे करून लेखक बरेचदा पात्राच्या निवडीची जबाबदारी टाळतो. खलपात्राच्या बाबतीत तर हे फार होतं. त्याला बापाने मारलं होतं असं एक प्रकरण घातलं की झालं, मग त्याने आज हे का केलं हे सांगायची गरजच वाटेनाशी होते.

एकही पात्र सपाट नको, या सल्ल्यामागे इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांचं नाव घेतलं जातं. सपाट, म्हणजे एकाच गुणाभोवती बेतलेली, आणि गोल, म्हणजे अनेक पदर असलेली पात्रं हा भेद ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत मांडला, हे खरं. पण त्याच व्याख्यानांत त्यांनी सपाट पात्रांची बाजू घेतली आहे. ती चटकन ओळखू येतात, वाचकाच्या लक्षात राहतात, आणि कादंबरीला दोन्ही जातींची पात्रं लागतात, असं त्यांचं म्हणणं. डिकन्सची बहुतेक पात्रं सपाट असून जिवंत वाटतात, हेही त्यांनीच दाखवलं. गोल पात्राची त्यांची कसोटी ध्यानात ठेवण्यासारखी आहे : ते पटेल अशा रीतीने आपल्याला चकित करू शकतं का? वरच्या प्रसंगातला किराणावाल्याचा नातू सपाटच हवा. त्याचं लग्न ठरत नाहीये, त्याला दुकान विकून मोबाईलचं शोरूम काढायचंय, हे सांगत बसले तर नोटा गल्ल्यावर पडून राहतील आणि वसंतराव वाट बघत उभे.

नायक बदललाच पाहिजे, याला उत्तर थोडक्यात. वसंतराव शेवटापर्यंत तसेच राहतील. बदलत जाईल ती त्यांच्याविषयीची वाचकाची समजूत, आणि तेवढ्यावर कादंबरी चालते.

ओळखीचा माणूस उचलून नाव बदलण्याबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण नवीन लेखकांना तो सोपा रस्ता वाटतो. ओळखीच्या माणसाची आपल्याकडे वळलेली बाजूच आपल्याला ठाऊक असते. मामा आपल्याशी कसे वागले हे आपल्याला माहीत असतं. मामींशी बंद दाराआड कसे वागले हे नाही, आणि कादंबरीला नेमकं तेच लागतं. दुसरी अडचण आमच्यासारख्या गावांत जास्त. रामबाग, नारायणबाग, लोकमान्यनगर इथली मराठी घरं एकमेकांना दोन-तीन पिढ्यांपासून ओळखतात. नाव बदललं तरी कोण ते कळतं, आणि लिहिणाऱ्याला ते आधीच कळत असतं. मग हात आखडतो. काकांचा हट्ट थोडा सौम्य होतो, वहिनींचा हिशेबीपणा गळून जातो, आणि पानावर उरतं ते सत्कारसमारंभाच्या भाषणातलं माणूस. ओळखीच्या माणसाची एखादी सवय घ्यावी, तिसऱ्याच माणसाची अडचण तिला जोडावी, आणि मग आपल्याला जे ठाऊक नाही ते कल्पनेने शोधावं.

याच मुद्द्याला जोडून मजकुरात असंही येतं, की जे स्वतः जगलात त्याबाहेरचं पात्र खरं वाटणार नाही. मराठी वाचकाने तरी हे ऐकून घेऊ नये. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो' क्रमशः छापली. सबंध कथा यमूच्या तोंडून आहे, एका मुलीच्या, आणि ती लिहिणारा पुरुष होता. ती खरी वाटते, कारण घरातला प्रत्येक माणूस यमूशी कसा बोलतो, कोण तिच्यासमोर काय लपवतं, हे हरिभाऊंनी फार बारकाईने पाहिलं आहे.

आता लकबीचा मुद्दा. इंदूरचं पात्र करायचं म्हणजे दर वाक्याला 'भिया' (म्हणजे भाऊ), सकाळी वरून जीरावन मसाला घातलेले पोहे आणि जलेबी, रात्री सराफ्यातला खाऊबाजार. यातलं खोटं काहीच नाही. पण हे सगळं अख्खं शहर करतं, त्यामुळे त्याने एकाही माणसाची ओळख पटत नाही. इथल्या मराठी माणसाला ऐकायचं असेल, तर तो कोणाशी कोणती भाषा बोलतो हे ऐकावं. वसंतराव बायकोशी मराठीत बोलतात, किराणावाल्याशी हिंदीत, मिलच्या गेटवर घोषणा दिल्या त्याही हिंदीत. पैसे मोजतात ते हिंदीत. नातीला मराठीत विचारतात, ती हिंदीत उत्तर देते, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. मात्र मुलावर चिडले की ते एकदम हिंदीत शिरतात आणि मुलगा ओळखतो, की आता बोलणं संपलं. या एका सवयीने जे साधतं ते 'भिया'च्या शंभर आवृत्त्यांनी साधत नाही.

राहता राहिलं तक्त्याला धरून राहणं. लिहिताना कुसुमताई दुकानात जाऊन पैसे परत आणतात हे मला सुचलं, तेव्हा त्यांच्यापुढे आधी लिहिलेलं 'सोशिक, अबोल' खोडावंच लागलं. ते खोडायला नको म्हणून त्यांना घरी बसवलं असतं, तर प्रसंगच गेला असता. तक्ता ठेवायचा असेल तर सनावळीसाठी ठेवावा, तिथे तो खरोखर कामाचा आहे. वसंतराव १९५२चे, १९७४ साली बाविसाव्या वर्षी मिलमध्ये लागले, मिल बंद पडली तेव्हा एकोणचाळीस, पैसे आले तेव्हा एकाहत्तर. मुलगा मिल बंद व्हायच्या वेळी दहा वर्षांचा असेल, तर उधारीची वही त्याने पाहिलेली असू शकते. आणि पाहिली असेल, तर आई दुपारी कुठे जाऊन आली हे त्याच्या लक्षात येईल. म्हणजे पुढच्या प्रकरणात त्याला तोंड उघडावं लागणार.