एकाच माळेचे मणी नाहीत हे

खुनाची मोठी बातमी आली की इकडे सांगली-मिरजेत लगेच तुलना सुरू होते. कट्ट्यावर, एसटीत, व्हॉट्सॲपवर. "हा तर रमण राघवच," नाहीतर "जक्कलचा अवतार." (रमण राघव साठच्या दशकातल्या मुंबईचा, जक्कल सत्तरच्या दशकातल्या पुण्याचा, दोघेही अनेक खून करणारे.) तुलना करायला माझी हरकत नाही. उलट खुनी माणसाच्या डोक्यात काय चाललं होतं हे समजून घ्यायचं तर दोन प्रकरणं शेजारी ठेवावीच लागतात. पण आपण आकडा आणि क्रौर्य तोलतो आणि "विकृत" म्हणून विषय मिटवतो. त्याला नेमकं हवं काय होतं, हे विचारायचंच राहतं.

आपल्या म्हैसाळचंच घ्या. जून 2022, दोन भावांची दोन घरं, नऊ मृतदेह. एक भाऊ जनावरांचा डॉक्टर, दुसरा शिक्षक. चिठ्ठ्यांत सावकारांची नावं सापडली आणि सगळ्यांनी, मीसुद्धा, सामूहिक आत्महत्या म्हणून हळहळ व्यक्त केली. आठवड्याभरात पोलिसांनी खुनाचा गुन्हा दाखल करून एका मांत्रिकाला पकडलं. गुप्तधन काढून देतो म्हणून त्याने मोठी रक्कम उकळली, दोघे भाऊ पैसे परत मागू लागले तेव्हा विष दिलं, असा आरोप आहे. त्या रात्री त्याने अकराशे गहू सात वेळा मोजायला लावले, असंही तपासात पुढे आलं. शिकलेली माणसं गच्चीवर बसून गहू मोजतायत, हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा बऱ्याच जणांनी "दुसरं मानवत" असं लिहिलं. परभणीतल्या मानवतला 1972 ते 1974 मध्ये बायका-मुलींचे खून झाले, त्याच्या मुळाशीही गुप्तधनच होतं. पण नीट बघा. मानवतमध्ये सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की बळी दिला तर धन मिळेल या श्रद्धेपोटी खून पाडले गेले. (ज्यांच्यासाठी बळी दिले असा आरोप होता, ते पुढे वरच्या कोर्टात सुटले, हेही सांगायला हवं.) म्हैसाळचा आरोप खरा धरला तर तिथे श्रद्धा मेलेल्यांची होती, मारणाऱ्याची नव्हे. त्याला धन कुठेच नाही हे पक्कं ठाऊक होतं. त्याचा प्रश्न एवढाच की घेतलेले पैसे परत द्यायचे कसे. शब्द एकच, गुप्तधन, पण दोन्हीकडची मनं पार उलटी.

मला म्हैसाळ मानवतपेक्षा आपल्या वाईजवळच्या धोमच्या जास्त जवळ वाटतं. तिथे 2016 मध्ये फार्महाऊसच्या आवारातून पुरलेले मृतदेह निघाले आणि सहा खुनांचा आरोप झाला, तो लोक ज्याला डॉक्टर म्हणून ओळखत होते त्याच्यावर. धोमचा डॉक्टर, म्हैसाळचा मांत्रिक, पण दोघांकडे माणसं आपल्या पायांनी गेली. इंग्लंडच्या हॅरोल्ड शिपमनकडेही म्हाताऱ्या पेशंट विश्वासानेच जायच्या. 2000 साली त्याला 15 खुनांबद्दल शिक्षा झाली, आणि नंतरच्या चौकशीत आकडा दोनशेच्या वर गेला. तो सापडला एका खोट्या मृत्युपत्रामुळे. त्याने हे का केलं, ते मात्र त्याने मरेपर्यंत सांगितलं नाही.

रमण राघवला या रांगेत उभं करणं तर सरळ चूक आहे. त्याला स्किझोफ्रेनिया होता, डॉक्टरांनी तपासलं आणि फाशीची जन्मठेप झाली. पुण्याचा जक्कल आणि त्याचे साथीदार कॉलेजची पोरं होती. चोरीसाठी घरात शिरायचे आणि ओळख पटू नये म्हणून घरातल्या कुणालाच जिवंत ठेवायचे नाहीत. आजारी मन आणि थंड डोक्याने केलेला हिशेब यांना एकच नाव दिलं तर दोन्ही कळत नाहीत.

आणि ही सगळी झाली गाजलेली प्रकरणं. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) 2022 च्या आकड्यांत देशात 28,522 खून आहेत, त्यांतले 9,962 वादातून. म्हणजे भावकी, बांध, पैसा, घरातली भांडणं. या खुनांवर कुणी वेब सिरीज काढत नाही.

म्हैसाळच्या आधीही गुप्तधनाच्या नावाखाली फसलेली माणसं आपल्या भागात होती, आणि नरबळी-जादूटोण्याविरुद्धचा कायदा 2013 पासून आहे. त्यासाठी साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि तो आला त्यांच्या खुनानंतर. पण फसलेला माणूस लाजेने तक्रार करत नाही. "लोक काय म्हणतील" या भीतीने गप्प बसतो आणि मांत्रिक पुढच्या घराकडे वळतो. तुमच्या गावात असं कुणी पैसे घेऊन बसला असेल तर पोलीस ठाण्यात जा. एकटं जायची लाज वाटत असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा, मी सोबत येतो.